कला आणि तंत्र एकत्र शिकताना : वाचकांची प्रश्नोत्तरे

बारावीचे आणि प्रवेश परीक्षांचे निकाल हाती आले की बडोद्यातल्या मराठी घरांतून मला येणाऱ्या पत्रांना एकच वळण लागते. मुलाला किंवा मुलीला कला सोडवत नाही, तंत्रशाखेतली जागाही हातची जाऊ द्यायची नाही, तेव्हा दोन्ही एकत्र करता येईल का, असे पालक विचारतात आणि मुलेही विचारतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. पत्रे मोठी असल्यामुळे त्यांचा गाभा तेवढा दिला आहे आणि नावे वगळली आहेत.

प्रश्न : बाई, मी दांडिया बझारात राहते. बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाले आहे. ललित कला शाखेत चित्रकलेसाठी प्रवेश मिळण्याची शक्यता आहे आणि संगणक अभियांत्रिकीतही जागा मिळेल इतके गुण आहेत. आता दोन पदव्या एकाच वेळी घेता येतात, असे सगळे सांगतात. आईबाबा म्हणतात, झेपत असेल तर दोन्ही कर. मी डबल मेजर करावे का?

उत्तर : आपल्याकडे ‘डबल मेजर’ हा शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि निम्मा घोळ तिथेच होतो, म्हणून आधी त्या तीन गोष्टी वेगळ्या करू. खरे डबल मेजर म्हणजे एकाच पदवीत दोन मुख्य विषय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर 2022 च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी 120 आणि चार वर्षांच्या पदवीसाठी 160 क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून ठरणारी मापे, धरली आहेत, आणि त्यातली किमान 40 टक्के दुसऱ्या मुख्य विषयात मिळवली, म्हणजे अनुक्रमे 48 किंवा 64, तर ती पदवी डबल मेजर म्हणून दिली जाते. दुसरी गोष्ट म्हणजे मायनर, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीला घेतलेला लहान विषय. तिसरी गोष्ट म्हणजे दोन संपूर्ण, स्वतंत्र पदव्या एकाच काळात घेणे. त्याला आयोगाने एप्रिल 2022 मध्ये परवानगी दिली आहे. दोन्ही अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात बसून करायचे असतील तर त्यांच्या तासांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत, ही त्यातली मुख्य अट आहे.

तुम्ही ज्या दोन शाखांबद्दल लिहिले आहे, त्या दोन स्वतंत्र पदव्या आहेत. दृश्यकलेची पदवी चार वर्षांची आणि बी.टेक.ही चार वर्षांची. दोन्हींचे वर्ग दिवसा भरतात आणि दोन्हींकडे हजेरी मोजली जाते. त्यामुळे परवानगी कागदावर असली तरी वेळांची अट तुमच्या बाबतीत पूर्ण होणे जवळजवळ अशक्य आहे, हे मी तुम्हाला आत्ताच स्पष्ट सांगते, कारण दोन ठिकाणी शुल्क भरून झाल्यावर ते कळण्यापेक्षा आज कळलेले बरे.

समजा वेळांची अडचण नसती, तरीही मी तुम्हाला एक हिशेब मांडायला सांगितले असते. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एका शैक्षणिक वर्षासाठी 40 क्रेडिट आणि 1200 तासांचा अभ्यास धरलेला आहे. दोन पूर्णवेळ अभ्यासक्रम म्हणजे 2400 तास. वर्षातले 40 आठवडे कामाचे धरले तर आठवड्याला 60 तास होतात, म्हणजे रविवार सोडून रोज 10 तास, आणि यात जाणेयेणे, जेवण, आजारपण, घरातले लग्नकार्य यांपैकी काहीच धरलेले नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका मुलीला मी आलेखाच्या कागदावर तिचा आठवडा आखायला सांगितला होता. एक चौकोन म्हणजे अर्धा तास. तिने वर्गांचे चौकोन निळ्या पेन्सिलीने आणि स्टुडिओचे लाल पेन्सिलीने भरले, मग स्वाध्यायांसाठी हिरवी पेन्सिल घेतली आणि बुधवारपर्यंत येऊन थांबली, कारण रात्री अकराच्या वरचे चौकोन भरल्याशिवाय हिरव्या रंगाला जागाच उरली नव्हती. तिने तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी वडिलांना दाखवला. तुम्हीही आईबाबांसमोर बसून असा कागद भरावा, असे मी मनापासून सुचवते. त्यावर घरात जे बोलणे होईल, ते आजवर झालेल्या बोलण्यापेक्षा निश्चितच उपयोगी होईल.

स्टुडिओच्या तासांबद्दल आणखी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते, कारण विज्ञान शाखेतून आलेल्या घरांना ती सहसा माहीत नसते. क्रेडिटच्या हिशेबात सेमिस्टरभर आठवड्याला वर्गातला एक तास म्हणजे एक क्रेडिट, पण स्टुडिओतल्या कामाला एका क्रेडिटसाठी आठवड्याचे दोन तास द्यावे लागतात. चार क्रेडिटचा स्टुडिओ म्हणजे वेळापत्रकातलेच आठ तास. शिवाय ते तास तोडून वापरता येत नाहीत. गणिताचा स्वाध्याय बसमध्ये अर्धा आणि रात्री अर्धा करता येतो, परंतु एचिंगसाठी, म्हणजे आम्लाने रेषा कोरून छापण्यासाठी, आम्लात सोडलेली धातूची पाटी तुमचे दुसरे व्याख्यान संपेपर्यंत वाट पाहत नाही. ती वेळेवर बाहेर काढली नाही तर रेषा हवी त्यापेक्षा खोल खाल्ली जाते आणि आठवड्याचे काम वाया जाते.

मग निवड कशी करावी? मी गेली अनेक वर्षे एकच कसोटी वापरते. ज्या विषयाला गुरूची नजर, मोठी साधने आणि शेजारी काम करणारे सोबती लागतात, तो पदवीसाठी घ्यावा; जो विषय एका टेबलावर, एका संगणकावर, स्वतःच्या वेगाने पुढे नेता येतो, तो पदवीच्या बाहेर किंवा ऑनलाइन ठेवावा. छापयंत्र, लिथोचा दगड, भट्टी आणि समोर बसलेला नग्नचित्रणाचा किंवा व्यक्तिचित्रणाचा मॉडेल घरी आणता येत नाही. प्रोग्रामिंग मात्र बऱ्याच अंशी घरी शिकता येते. म्हणून तुमच्या जागी मी दृश्यकलेची पदवी पूर्णवेळ घेतली असती आणि पहिले वर्ष संपल्यावर, अंगात बळ आहे असे दिसले तर, संगणकाचा ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केला असता. आयआयटी मद्रासने 2020 मध्ये सुरू केलेला डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम त्यासाठी उदाहरण म्हणून पाहता येईल. त्याला जेईई लागत नाही, धडे घरी पाहता येतात, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे मधल्या टप्प्यावर प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन थांबता येते. एक पदवी वर्गात आणि दुसरी ऑनलाइन, या जोडीला आयोगाची परवानगी आहे. तरीही दोन्ही संस्थांकडून लेखी उत्तर घ्यावे, कारण शाळा सोडल्याच्या दाखल्याची मूळ प्रत दोन्हीकडे मागितली गेली तर अडचण नेमकी तिथे येते.

तुमचा ओढा प्रोग्रामिंगकडे नसून यंत्रांकडे किंवा इमारतींकडे असता, तर माझे उत्तर उलटे झाले असते, कारण त्या विद्यांनाही प्रयोगशाळा लागते आणि त्यांच्या व्यवसायात पदवीवाचून दार उघडत नाही. तसे असेल तर पुन्हा लिहावे. वास्तुकलेची पाच वर्षांची पदवी हा कला आणि तंत्र एकाच छताखाली शिकवणारा जुना, भक्कम मार्ग आहे आणि तो आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातही आहे.

प्रश्न : मी शिल्पकलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला हलणारी, माणूस जवळ आला की प्रतिसाद देणारी शिल्पे करायची आहेत. इलेक्ट्रॉनिक्सची दुसरी पदवी घ्यावी का? वर्गातले काही मित्र म्हणतात की तंत्राच्या नादी लागलास तर हात बिघडेल.

उत्तर : दुसरी पदवी घेऊ नये, पण इलेक्ट्रॉनिक्स मात्र जरूर शिकावे, आणि हात बिघडण्याची भीती मनातून काढून टाकावी.

तुम्ही ज्या गावात शिकता, त्या गावात ही फारकत मुळात नव्हती. सयाजीराव महाराजांच्या काळात 1890 मध्ये प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या नेतृत्वाखाली कलाभवन उभे राहिले, तेव्हा चित्रकला, सुतारकाम, रंगाई आणि यंत्रकाम एकाच संस्थेत शिकवले जात होते. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयातून कलाभवनात आले आणि चित्रकलेबरोबर छायाचित्रणही शिकले. पुढे त्यांनी ब्लॉक बनवण्याचे आणि छपाईचे काम केले, आणि 1913 मध्ये आपला चित्रपट लोकांसमोर आणला तेव्हा कच्च्या फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतचे काम त्यांच्या घरातच होत होते. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई ते सगळे शिकल्या होत्या. फाळक्यांचे छायाचित्रणातले आणि छपाईतले कौशल्य चित्रकाराच्या डोळ्याच्या आड आले, असे कोणी म्हणणार नाही. आज कलाभवन तंत्र आणि अभियांत्रिकी शाखेचा भाग आहे आणि ललित कला शाखा, जी 1950 मध्ये सुरू झाली, पुष्पबागेत आहे. दोन्ही एकाच विद्यापीठाच्या आहेत, आणि तुमच्यासाठी हीच सगळ्यात मोठी सोय आहे.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगते. तुम्हाला विद्युत मंडलांच्या (सर्किटच्या) विश्लेषणाच्या परीक्षा द्यायच्या नाहीत; तुम्हाला एक संवेदक (सेन्सर), एक लहान मोटर आणि त्या दोघांना जोडणारा आर्डुइनोसारखा स्वस्त बोर्ड वापरता आला पाहिजे. हे एका सेमिस्टरच्या मोकळ्या वेळात जमते. पण तुमची खरी अडचण दुसरीकडे येईल. मातीत केलेल्या मानेला जो बाक सहज दिसतो, तो मोटरला पेलावा लागतो तेव्हा वजन कुठे पडते, हा प्रश्न पुढे येतो. एका विद्यार्थ्याच्या कामात मी हे जवळून पाहिले आहे. त्याने प्लास्टरमध्ये ओतलेले डोके सर्वो मोटरवर, म्हणजे हव्या त्या कोनात फिरणाऱ्या लहान मोटरवर, बसवले. मोटर कुरकुरली, डोके एका बाजूला झुकून थरथरत राहिले आणि सगळे काम केविलवाणे दिसू लागले. अभियांत्रिकीतल्या एका मित्राने आसाच्या मागच्या बाजूला शिशाचा तुकडा बांधून तोल साधला आणि तीच मोटर आवाज न करता फिरू लागली. त्या शिल्पकाराला बलाघूर्णाचे (फिरवणाऱ्या बलाचे) सूत्र त्या दिवशी कळले आणि तो ते विसरणार नाही.

म्हणून एक काम ठरवावे, तेही लहान, आणि अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याला बरोबरीचा भागीदार करून घ्यावे. त्याला मजूर समजू नये. प्रदर्शनाच्या फलकावर दोघांची नावे असावीत. आयोगाच्या नव्या आराखड्यामुळे अन्य शाखांचे काही विषय निवडता येतात. तुमच्या शाखेत त्यातले काय उपलब्ध आहे, ते कार्यालयात विचारून घ्यावे.

प्रश्न : ताई, माझी मुलगी सात वर्षांपासून शास्त्रीय गायन शिकते आहे. मध्यमा पूर्ण झाली आहे. आता तिला इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीला प्रवेश मिळतो आहे. तिच्या गुरू म्हणतात की गाण्याचीच पदवी घ्यावी. आम्ही दोघे नोकरी करणारे, आम्हाला काही सुचत नाही.

उत्तर : तुमच्या गावाला गाण्याच्या शिक्षणाची फार मोठी परंपरा आहे. मौलाबक्षांची गायनशाळा 1886 मध्ये येथे सुरू झाली आणि आजची संगीत, नृत्य, नाट्य शिकवणारी शाखा तिच्यातूनच वाढली. पंडित भातखंड्यांच्या पुढाकाराने 1916 मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही बडोद्यातच. त्यामुळे तुमच्या मुलीच्या गुरूंना गाण्याची पदवी हीच स्वाभाविक वाटचाल वाटते, यात नवल नाही आणि त्यांच्या मताचा आदर राखूनच मी पुढचे लिहिते आहे.

गाणे ही अशी विद्या आहे की तिची परीक्षा देण्याची सोय पदवीच्या बाहेर फार पूर्वीपासून आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद पूर्ण अशा सात परीक्षांपैकी तुमच्या मुलीने पाच दिल्या आहेत. विशारद प्रथम आणि विशारद पूर्ण या दोनच उरल्या आहेत. त्या अभियांत्रिकी सांभाळून देता येतील, कारण त्यांना रोजची हजेरी लागत नाही, रोजचा रियाज लागतो. म्हणून प्रवेश घेताना अभ्यासक्रमापेक्षाही रियाजाच्या जागेचा विचार करावा. वसतिगृहाच्या खोलीत पहाटे तानपुरा लावता येत नाही, आणि गुरूंपासून चार वर्षे दूर राहून केवळ ध्वनिमुद्रणांवर गळा पुढे जात नाही. शक्य असेल तर गावातच प्रवेश घ्यावा, आणि थोडी कमी नाव असलेली संस्था मिळाली तरी गुरूंचे घर सायकलच्या अंतरावर असणे मी अधिक मोलाचे मानेन.

यात एक अपवाद आहे आणि तो तुमच्या मुलीच्या गुरूंनाच विचारावा लागेल. मंचावर उभे राहण्याइतका गळा तिचा आहे, असे त्यांचे निखळ मत असेल आणि मुलीलाही दुसरे काही नको असेल, तर पुढची चार वर्षे गाण्यालाच द्यावीत. ख्यालगायकीत अठरा ते बावीस या वयात आवाज घडतो, आणि त्या काळात दिवसाला तासभर आणि दिवसाला पाच तास यांत पुढे आयुष्यभर ऐकू येईल इतका फरक पडतो. हे विचारताना मुलीला खोलीबाहेर पाठवू नये. तिच्यासमोरच विचारावे.

प्रश्न : मी यांत्रिक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मन लागत नाही. दिवसभर वह्यांच्या मागे चित्रे काढतो. मला ॲनिमेशन किंवा प्रॉडक्ट डिझाइन करायचे आहे. सोडून देऊन पुन्हा पहिल्यापासून बी.डेस. (डिझाइनची पदवी) करू का?

उत्तर : तुमच्या पत्रासोबत आलेल्या तीन पानांच्या प्रती मी नीट पाहिल्या. एका पानावर गिअरबॉक्सचा छेद आहे आणि त्याच्या कडेला तुम्ही मिक्सरची मूठ पाच वेगवेगळ्या प्रकारे काढली आहे, प्रत्येक मुठीवर बोटे कुठे पडतील ते टिंबांनी दाखवले आहे. हे पान पाहून मला वाटते की तुमचे मन अभियांत्रिकीवरून पूर्णपणे उडालेले नाही, ते वापरणाऱ्या माणसाकडे वळले आहे. प्रॉडक्ट डिझाइन म्हणतात ते हेच.

म्हणून सोडू नये, असे मी ठामपणे सांगते. डिझाइनची पदव्युत्तर पदवी घ्यायला अभियंत्याला पुरेशी वाट आहे. सीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा आयआयटी मुंबई घेते आणि तिच्या आधारे अनेक आयआयटींत आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम.डेस.ला प्रवेश मिळतो. अभियांत्रिकीचे पदवीधर तिथे नेहमीच मोठ्या संख्येने असतात. आयआयटी मुंबईतले औद्योगिक डिझाइन केंद्र 1969 चे आहे, अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था 1961 ची, आणि ती तर तुमच्यापासून रेल्वेने दोन-अडीच तासांवर आहे. बी.डेस. पुन्हा सुरू केल्यास आणखी चार वर्षे जातील. पदवी पूर्ण करून एम.डेस. केले तर एकूण काळ जवळजवळ तेवढाच लागेल आणि हाती यंत्रांचे ज्ञानही राहील. तुमच्या महाविद्यालयात मायनरची सोय असेल तर ती पाहावी. तंत्रशिक्षण परिषदेच्या आदर्श अभ्यासक्रमात बी.टेक.साठी 160 क्रेडिट आहेत आणि मायनरसाठी त्यावर 18 ते 20 क्रेडिटची भर घालावी लागते. हे ओझे उचलता येण्याजोगे आहे.

ॲनिमेशनबद्दल मात्र मी वेगळे सांगेन. ते तुम्हाला खरोखर हवे आहे, की कंटाळ्यावरचा उतारा म्हणून हवे आहे, याची खात्री करून घ्यावी. दिवाळीच्या सुट्टीत दहा सेकंदांचे एक दृश्य हाताने काढून पूर्ण करावे. सेकंदाला 24 चौकटी, आणि एक चित्र दोन चौकटींना धरले तरी 120 चित्रे होतात. ऐंशीव्या चित्रापाशी तुम्हाला काय वाटते, ते मला कळवावे.

प्रश्न : मुलाने भौतिकशास्त्र आणि नाट्यशास्त्र असे दोन विषय घेतले तर नोकरी देणारे त्याला गोंधळलेला समजतील का?

उत्तर : दोन विषयांचा एकमेकांशी काय संबंध आहे हे त्याला दोन वाक्यांत सांगता आले नाही, तर समजतील. सांगता आले आणि त्या संबंधातून केलेले एखादे काम दाखवता आले, तर समजणार नाहीत. भौतिकशास्त्र आणि नाट्य यांच्यामध्ये प्रकाशयोजना आहे, ध्वनियोजना आहे, विज्ञान केंद्रांतली प्रात्यक्षिके आहेत. त्याने यांपैकी एकात हात घातला आहे का, हे आधी विचारावे. घातला नसेल तर प्रवेशापूर्वीच्या सुट्टीत एखाद्या नाट्यसंस्थेत प्रकाशयोजना सांभाळणाऱ्याच्या हाताखाली त्याला पाठवावे. दोन्ही विषय एकाच वेळी घ्यायला हवेत असेही नाही. भूपेन खख्खर सनदी लेखापाल होऊन 1962 मध्ये बडोद्यात आले, ललित कला शाखेत कलासमीक्षा शिकले आणि चित्रकार म्हणून नाव झाल्यावरही बराच काळ अर्धवेळ हिशेबाचे काम करत राहिले. एकामागून एक शिकण्याचा मार्ग आपल्या डोळ्यांसमोर होता, हे आपण विसरतो.

प्रश्न : माझ्या भाचीला अमेरिकेत प्रवेश मिळाला आहे. ती म्हणते की तिथे संगणकशास्त्र आणि चित्रकला असे डबल मेजर सहज होते. खर्च आम्ही मिळून करणार आहोत. हे खरे आहे का?

उत्तर : आपल्याकडच्यापेक्षा सोपे आहे, हे खरे, सहज आहे, हे नाही. तिथे बहुतेक ठिकाणी पदवीसाठी साधारण 120 क्रेडिट लागतात आणि मुख्य विषय पहिल्या दिवशी ठरवावा लागत नाही, त्यामुळे भाचीने पहिल्या वर्षी दोन्हीकडचे मूलभूत विषय घेऊन पाहावेत. तिने एक भेद विद्यापीठाला स्पष्ट विचारावा : दोन मेजर असलेली एक पदवी मिळणार, की दोन पदव्या? चित्रकलेची बी.एफ.ए. ही स्टुडिओप्रधान पदवी वेगळ्या महाविद्यालयाची असेल तर बहुधा दोन पदव्या होतात आणि त्याला जास्त काळ लागतो. ब्राउन विद्यापीठ आणि ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन यांचा जोडपदवीचा कार्यक्रम पाच वर्षांचा आहे, यावरून अंदाज यावा. कार्नेगी मेलनमध्ये संगणकशास्त्र आणि कला यांची मुद्दाम जोडून आखलेली एकच पदवी आहे. अशी आखलेली पदवी मिळत असेल तर ती स्वतः बांधलेल्या जोडीपेक्षा बरी. खर्च मिळून करणाऱ्या सर्वांनी पाचव्या वर्षाचे शुल्क आणि राहणे आजच हिशेबात धरावे, आणि शिष्यवृत्ती किती सेमिस्टरसाठी आहे ते प्रवेशपत्रात वाचावे. ती आठ सेमिस्टरची असेल तर नववे सेमिस्टर तुमच्या खिशातून जाणार आहे.

प्रश्न : बाई, मी उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सोबत ऑनलाइन डेटा सायन्सची पदवी करतो. पहिले वर्ष कसेबसे निघाले. आता दोन्हीकडे मागे पडलो आहे. रात्री तीन-चार तास झोप होते. बाबांनी दोन्हींचे पैसे भरले आहेत, त्यांना कसे सांगू? मला दोन्ही आवडते, म्हणून एक सोडले तर आयुष्यभर खंत राहील असे वाटते.

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि बाकीच्यांच्या आधी तुम्हालाच उत्तर लिहायला घेतले होते. प्रथम झोपेबद्दल सांगते. तीन-चार तासांच्या झोपेवर माणूस रंगांची पारखही नीट करू शकत नाही आणि कोडमधली चूकही शोधू शकत नाही, म्हणजे आज तुम्ही जेवढे तास घालता त्यातले पुष्कळ वाया जात आहेत. येत्या आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. मन फार खाली जात असेल तर शासनाची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे. तिथे बोलायला संकोच करू नये.

आता पदव्यांबद्दल. तुम्हाला एक सोडायची नाही, एक थांबवायची आहे, आणि कोणती थांबवायची हे तुमच्या आवडीवर ठरत नाही, कोणती थांबवता येते यावर ठरते. उपयोजित कलेचे दुसरे वर्ष मध्येच सोडले तर वर्गमित्र पुढे जातात, शिक्षक बदलतात, स्टुडिओतली जागा जाते. ऑनलाइन अभ्यासक्रमात मात्र पुढच्या सत्रात एकच विषय घेता येतो का, किंवा एक सत्र रिकामे ठेवता येते का, हे बहुधा नियमातच लिहिलेले असते. तुमच्या अभ्यासक्रमाच्या माहितीपुस्तिकेत ते आज संध्याकाळीच पाहावे. उत्तीर्ण झालेल्या विषयांची क्रेडिट शैक्षणिक क्रेडिट बँकेत जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षांपर्यंत वापरता येतात. तुमची ती क्रेडिट तिथे दिसतात का, हे खाते उघडून तपासावे आणि दिसत नसतील तर संस्थेला लिहावे. पहिल्या वर्षाचे पैसे बुडालेले नाहीत, हे बाबांना दाखवण्यासाठी तोच कागद तुमच्या हातात असेल.

बाबांशी बोलताना ‘मला जमत नाही’ असे म्हणून सुरुवात करू नये, कारण ते खरे नाही. गेल्या दोन आठवड्यांचा प्रत्येक दिवस कसा गेला, हे एका कागदावर तासांसह लिहावे, दुसऱ्या कागदावर पुढच्या सेमिस्टरचे वेळापत्रक मांडावे ज्यात झोपेला सात तास आणि ऑनलाइन अभ्यासाला एकच विषय असेल, आणि ते दोन कागद त्यांच्यासमोर शेजारी शेजारी ठेवावेत. जेवणाच्या वेळी बोलू नये. जेवण झाल्यावर, दूरदर्शन बंद असताना बोलावे. ते रागावले तर त्या रात्री वाद घालू नये. दोन दिवसांनी पुन्हा तेच कागद घेऊन बसावे. आई किंवा घरातले आणखी कोणी तुमच्या बाजूने बोलू शकत असेल तर त्यांना आधीच सांगून ठेवावे. माझे बाबांशी बोलणे उपयोगी पडेल असे वाटले तर कळवावे, मी बोलेन.

आणि तोवर उपयोजित कलेतले राहिलेले काम कोणते, ते शिक्षकांना स्वतःहून जाऊन सांगावे. ते किती दिवसांत पूर्ण करून द्याल तेही सांगावे, आणि ती तारीख अशी घ्यावी की रोज रात्री अकराला दिवा मालवूनही ती पाळता येईल.